सात एकांची बाकी

३ डिसेंबर १९५८, बोर्ली

सापडली! आबांच्या ट्रंकेत, अगदी तळाशी — धाकट्या राहीची भागाकारांची वही. वीस वर्षं झाली. ती अकराची, मी तेराचा. श्रीवर्धनच्या शाळेत मी एकटाच जाणार म्हणून आबांच्या मागे लागली होती, 'मलाबी घाला.' आबा हसले. 'मास्तरांनाबी जमलं न्हाय ते कर. १११११११ला पुरता भाग जाईल असा आकडा काढ, मग तूबी जा. दादा तपासंल.'

काय दिवस होते! खळ्यावर भाताची झोडणी चाललेली, आणि ही पेंढ्यावर बसून भाग घालतेय.

५ डिसेंबर

३, ७, ११, १३, ३७ — प्रत्येकाला बाकी एक! 'दादा, एक जण कायम भाईरच ऱ्हातो,' म्हणायची.

कुठे गेली ती राही? हल्ली भाऊबीजेला ओवाळते, पण जेवायला थांब म्हणत नाही. कधीच नाही.

८ डिसेंबर

वहीत चूक. २३९ने भाग ४६४८, बाकी २३९. भाजकाएवढी बाकी? वेडाबाई! अजून एकदा भाग जातो की!

९ डिसेंबर

शेजारचे भागोजीकाका खळ्यावर भात मापत होते. 'एक' न म्हणता 'लाभ', मग दोन, तीन... शेवटी पायलीभर भात उरलं आणि हात थांबला. 'रास पुरती उचलायची न्हाय. घर रितं व्हतं.'

मी धावत घरात येऊन वही उघडली. राहीनेही शेवटची पायली तशीच ठेवली होती! २३९ × ४६४९ = १११११११. तीनदा गुणून पाहिलं. बरोब्बर!

पोरीने काढला होता आकडा. आणि मी? पोहायला जायची घाई. वहीवर नुसती नजर टाकली नि ओरडलो, 'बाकी उरते, आबा! न्हाय जात!' मी शाळेत गेलो. तिसऱ्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं, किहीमला.

गाढव मी! गाढव!

१४ डिसेंबर, किहीम

वही राहीपुढे ठेवली. सगळं सांगितलं. बराच वेळ पानावरून बोट फिरवत होती.

'म्हंजे तुला तवा कळलंच न्हवतं? मला वाटलं, कळून गप बसलास.'

मग उठली. पाट मांडला. 'जेवून जा, दादा.'