निजवलं की ऐकू येतं

३ नोव्हेंबर
निनादच्या बँकेने आम्हाला भोपाळहून उचलून जयपूरला टाकलं, तेव्हा मी चार दिवस तोंड फुगवून होते. पण जवाहर नगरच्या या घराची गच्ची, तिथलं कोवळं ऊन आणि कोपऱ्यावरची प्याजकचोरी यांनी माझा राग कुठल्या कुठे पळवला. सामान लागायच्या आत अनुयाने माझा स्टेथोस्कोप पळवून सगळ्या बाहुल्या तपासल्या. पाचव्या वर्षीच लेक माझ्या पोटावर पाय देणार! उद्यापासून मुरलीपुऱ्यातल्या मुलांच्या दवाखान्यात मीही कामाला लागते.

६ नोव्हेंबर
आज चौमूंहून पवन नावाचा मुलगा आला. अंगाने धड, पण महिनाभर नुसता लोळतोय, उठून बसायला तयार नाही, असं आईचं म्हणणं. छातीला नळी लावली तर ठोक्यांमध्ये एक जास्तीचा आवाज, म्हणजे मर्मर. मुलांमध्ये तो बरेचदा निर्धोक असतो. आधी निजवून ऐकायचं, मग बसवून. बसल्यावर मावळला की सहसा घोर नसतो. पवनचा मावळला. हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इकोही स्वच्छ आला. आवाज मात्र वेगळाच होता, कुणी ओठ मिटून गुणगुणावं तसा. मी काळजी करू नका म्हटलं. आईने मुलाकडे पाहिलंच नाही. तुम्ही नीट ऐकलंत ना, शेवटपर्यंत ऐकलंत ना, असं मलाच विचारत राहिली.

१३ नोव्हेंबर
पवन उड्या मारत आला. आवाज गायब! सुंठीवाचून खोकला गेला. आईने पेढे आणले, पण टेबलावर लांबूनच ठेवले. पवनने माझी नळी कानाला लावली, तशी तिने हिसकावून घेतली. मला रागच आला. रडक्या मुलांच्या कानात नळी घालून माझी छाती ऐकवायची, ही माझी जुनी युक्ती. त्यात वाईट काय?
घरी येऊन अंग टाकलं. हवाबदलाचा शीण असेल.

१७ नोव्हेंबर
हल्ली तू बसलेली दिसतच नाहीस, म्हणून निनाद चिडवतो. आडवं झालं की बरं वाटतं, एवढं खरं.
आज पडल्यापडल्या स्वतःची छाती ऐकली. तीच गुणगुण. उठून बसले. थांबली.

१९ नोव्हेंबर
माझाही इको स्वच्छ. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. परीक्षित नळी घेऊन पुढे झाले, तशी मी निघूनच आले. त्यांना काय सांगणार? आवाज ऐकणाऱ्याकडे जातो, हे? पवनच्या आईला ठाऊक होतं. तिला शिव्या घालाव्यात, तर तिच्या जागी मीही —

२१ नोव्हेंबर
एक मुलगी रडत होती. सवयीने नळी तिच्या कानात घातली, दुसरं टोक माझ्या छातीवर. मग ओढून घेतली. खरं लिहायचं तर लगेच नाही ओढली. मी खुर्चीत मागे रेलू लागले होते.
रजा टाकली. नळी कपाटात, किल्ली निनादकडे. डॉक्टर-डॉक्टर खेळायचं नाही म्हटल्यावर अनुया रुसली.

२४ नोव्हेंबर
दुपार. बसवत नाही. पडूनच लिहितेय. आता नळीशिवायच ऐकू येतं — निनाद अनुयाला शाळेतून आणून सोडून गेला. माझ्या खोलीत येऊ नकोस, सांगितलंय तिला —
दार वाजलं. रुसवा गेला वाटतं. तान्हेपणापासूनची सवय तिची, माझ्या छातीवर डोकं — नळी कशाला लागते —
बसलं की थांबतं. फक्त उठून बसायचं. एकदाच —
ठेवलं डोकं.
"आई, तुझ्या अंदर कोण गातंय?"
ऊठ म्हणतेय तिला. ऊठ —

बसले. बसता येतंय मला. किती हलकं —
अनुया आडवी झालीय. हसतेय. ऊठ म्हटलं तर मान हलवते, नको.
माझा कान तिच्या छातीला लावला की झालं. माझ्याकडे परत येईल. लावतेच.
जरा बसू दे. इतक्या दिवसांनी बसलेय, जरासं —