चौसाळ्याच्या सडकेवरचा रामराम

बाबा, तुमच्यावर रागावलेला माणूस या जिल्ह्यात बहुधा मी एकटाच असेन. तुम्हाला जाऊन इतकी वर्षे लोटली, तरी चौसाळा ते बीड या सडकेवर कुणी ना कुणी माझ्या मोटारीपाशी येऊन विचारतो, "ढोर-डाक्टरचं पोरगं न्हवं का तुमी?" आणि मग तुमची स्तुती सुरू होते. लई ग्वाड माणूस. फटफटीवर बसायचा, पर कधी माजला न्हाई. मी ऐकून घेतो. कोर्टात निवाडे देणाऱ्या मुन्सिफाने रस्त्यावर वाद घालणे शोभत नाही. माझ्या ड्रायव्हरला मात्र सडकेवर कुणालाही हात वर करून सलाम करण्याची सक्त मनाई आहे. एकतर्फी साक्ष मी पुष्कळ ऐकली. आज माझी बाजू मांडतो.

चौसाळ्याच्या जनावरांच्या दवाखान्याला हैदराबादच्या सरकारकडून फटफटी मिळाली, तेव्हा आसपासच्या गावांनी तसले यंत्र पाहिलेले नव्हते. बैल तिच्या आवाजाने बुजत. त्यावर तुम्ही काढलेला तोडगा पाहता पाहता सडकेचा रिवाज झाला. बैलगाडी दिसली की तुम्ही इंजिन बंद करून खाली उतरायचे आणि फटफटी हाताने ढकलत न्यायची. गाडीवानाने उडी टाकून बैलांच्या वेसणी धरायच्या. आणि एकमेकांपाशी येताच दोघांनी रामराम घालायचा. एवढ्यावर भागते तर मी त्याला खबरदारी म्हटले असते. परंतु तुम्ही तिथे उभे राहत असा. गाईचे वेत, विहिरीचे पाणी, पोरीची सोयरीक, सगळ्याची चौकशी. घोडेस्वार जवानाला सलाम, मेंढरांमागच्या धनगराला "काय मामा", भाजी-माळव्याची पाटी घेऊन निघालेल्या बाईला "काय आक्का". सडकेवरच्या प्रत्येकासाठी तुमच्यापाशी वेगळा शब्द होता. घरी पानावर बसलात की तोच माणूस मुका. आई भाकरी थापता थापता म्हणे, "समदं सडकंवर सांडून येत्यात, घरी येतंय ते रिकामं भांडं." तुम्ही तेही न ऐकल्यासारखे जेवत असा.

आता त्या दिवसाविषयी. औरंगाबादेस शिष्यवृत्तीची परीक्षा होती. मिळाली तर हैदराबादचे कॉलेज, न मिळाली तर तहसिलीत कारकुनी, याहून तिसरी वाट माझ्यापुढे नव्हती. औरंगाबादला उतारू नेणारी सर्व्हिस मोटार बीडहून सकाळी सुटणार होती आणि तिथवर पोहोचवण्याचे तुम्ही स्वतःहून कबूल केले होते. बीडचा बाजार त्याच दिवशी होता, हे तुम्हाला ठाऊक होते. मी मागे बसलो आहे; मांडीवर पत्र्याची पेटी, अंगात परिटाकडून कडक करून आणलेला कोट. मांजरसुंब्याला लिंबागणेशाकडच्या गाड्या सडकेला लागतात, आणि मग रांगच सुरू होते. तुम्ही उतरता, ढकलता, बोलता. पुन्हा किक मारता, पुन्हा उतरता.

"रामराम डाक्टरसायब! हे कोन, धाकलं मालक?"

"रामराम! माजंच हाय. परीक्षेला चाललंय औरंगाबादला."

"मंग हाकीम हुतंय म्हना की! पर तोंड का म्हून आंबलंय याचं?"

"पोटात पुस्तकं हायेत. पचली न्हाईत आजून."

दोघेही हसता. माझ्यावर, माझ्यासमोर. गाडी पुढे जाताच मी म्हणतो, "बाबा, आजचा एक दिवस थांबू नका. मोटार सुटेल."

"बैल बुजला तर गाडी घाटात खाली जाईल, बे."

"मग उतरा, पण निदान बोलत तरी उभे राहू नका."

"रामराम घालून पळायचं? चोर हाव का आपुन?"

बीडच्या अड्ड्यावर पोहोचलो, तेव्हा मोटारीने उडवलेली धूळ अजून खाली बसली नव्हती. पानवाल्याने उत्साहाने सांगितले, "ही काय, आत्ताच गेली की!" तुम्ही टोपी काढून घाम पुसलात आणि म्हणालात, "पुढल्या साली देशील." ते साल मी तहसिलीत दुसऱ्यांच्या हुकमांच्या नकला करीत काढले.

तरीही हे सर्व मी माफ केले असते. वेळेचे भान नसणे हा दोष आहे, गुन्हा नव्हे. पण दोनच दिवसांनी बीडपुढच्या सडकेवर तीच सर्व्हिस मोटार समोरून आली. ड्रायव्हरने हात बाहेर काढून सलाम केला. तुम्ही फटफटी थांबवलीत, त्याच्या दाराशी गेलात, त्याला चंचीतला तंबाखू दिलात आणि खळखळून हसलात. मी मागच्या सीटवर बसून पाहत होतो. घरी आल्यावर मी जाब विचारला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "त्याचा काय कसूर? येळ झाली, तो गेला."

"आणि माझा कसूर कोणता?"

तुम्ही हात धुऊन पानावर बसलात. आईने भाकरी वाढली.

तुमचा जिव्हाळा ढोंगी होता, असे मला म्हणता आले असते तर निकाल सोपा होता. तो खरा होता. धनगराच्या आजारी मेंढीसाठी तुम्ही उन्हात कोसकोस जात होतात, हे मी नाकारत नाही. त्या जिव्हाळ्यात माझा वाटा नव्हता, एवढाच माझा आरोप आहे, आणि तो मी मागे घेणार नाही.

पुढल्या साली परीक्षेची मोटार सुटायची त्याच्या आदल्या दिवशी, तुम्हाला न विचारता, मी बीडला निघालेल्या एका गुळाच्या गाडीत बसलो. पाली गावाच्या अलीकडे मागून फटफटी आली. तुम्ही इंजिन बंद केलेत आणि ती ढकलत आमच्या बरोबरीला आलात. त्या दिवशी त्या बाजूला दवाखान्याचे काहीही काम नव्हते. गाडीवानाने बैल धरले.

"रामराम पाव्हणं."

"रामराम डाक्टरसायब."

मग तुम्ही मान वर करून माझ्याकडे पाहिलेत आणि कुणाही उतारूला घालावा तसा मलाही घातलात, "रामराम." मी बैलांच्या शिंगांकडे पाहत राहिलो. गाडीवानाला राहवले नाही, तो म्हणाला, "घ्या की मालक. बाप हाय तुमचा." तुम्ही फटफटी ढकलत पुष्कळ पुढे गेलात, बैलांना ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर, आणि तिथे किक मारलीत. परीक्षेत मी पहिला आलो. त्या रामरामाविषयी तुम्ही कधी अवाक्षर काढले नाहीत, मीही नाही.

हे पत्र टपालात पडणार नाही, तेव्हा वर मुद्दाम गाळलेली एक गोष्ट लिहून ठेवायला हरकत नाही. त्या दिवशी चौसाळा सोडल्यापासून, गुळाच्या ढेपांवर ताठ बसून, मी मागून फटफटीचा आवाज येतो का, तेच ऐकत होतो.