नव्या मॉनिटरवरचे ठोके

४ ऑक्टो., शनि.
सायकलचा मॉनिटर बंद. पायडल मारतोय, आकडा शून्य. मग शून्यही गेलं. बायपासनंतर मुलानं पुण्याहून पाठवलेली ही व्यायामाची सायकल. हँडल धरलं की ठोके दिसतात, म्हणून तर बसायची हिंमत. आज लगेच उतरलो.

५ ऑक्टो.
कारण सापडलं. बटणांच्या फटीत कुंकू. दसऱ्याला बायकोनं, कुमुदनं, स्कूटर, शिलाई मशीन, सगळ्यांची पूजा केली. सायकलचीही. पाणी शिंपडून हळदकुंकू नेमकं मॉनिटरवर.
"काहून वं, कुंकू लावायले पायडल होतं ना."
"पाय ठेवायच्या जागी कुंकू लावते का कोणी?"
संताप आला होता, पण तिचंच बरोबर.

९ ऑक्टो., गुरु.
बर्डीच्या दुकानातून मेकॅनिक आला. तसाच मॉनिटर आता मिळत नाही म्हणे. दुसरा बसवला, वायरी जोडल्या. हळूहळूच चालवली. ठोके १३२! जुना नव्वदच्या वर कधी गेला नाही. घाबरून उतरलो.
"हा चुकीचा, का जुना चुकीचा होता?"
"काकाजी, हा तर नवा आहे." एवढं बोलून गेला.

११ ऑक्टो.
कुमुदला बसवलं. ८८. परत मी. १३०. हँडल पुसलं, हात पुसले. १३०.
मग कुमुद भीत भीत, "जुना मॉनिटर होता तेव्हा मी एकदा बसली होती. हात सोडले तरी नव्वदच दाखवून राहिला होता."
"मग सांगितलं काहून नाही मले?"
"तुम्ही किती खूश होते."
मागच्या खोलीत जाऊन बसलो. राग नेमका कोणाचा, कळेना.

१२ ऑक्टो., रवि.
डॉक्टरांनी गोळी कमी केली ती माझ्या नव्वदच्या भरवशावर. दर खेपेला छाती फुगवून सांगायचो. मग ते ठोके कोणाचे? आणि हे १३० तरी खरे कशावरून? कदाचित भीतीचेच. पण भीती आकडा पाहिल्यावर वाटली, आधी नाही. की आधीही...
उद्या दवाखाना. काय सांगू, ते ठरत नाही.
चहा झाल्यावर कुमुदनं घड्याळ समोर ठेवून माझं मनगट धरलं. "बोलू नका, मोजू द्या." ओठ हलत होते. मध्येच थांबली. परत पहिल्यापासून.
किती आले, विचारलं. "उद्या डॉक्टरांनाच मोजू द्या," म्हणत कप उचलून आत गेली.