काजूमंत्री

७ फेब्रुवारी २०१६, रवि. माबेला, मस्कत

सालिम सरांनी नवं काम दिलंय. पूर्व आफ्रिकेतल्या एका देशाचे व्यापारमंत्री पुढच्या आठवड्यात मस्कतला येणार. त्यांच्याकडच्या काजू कारखान्यात आमच्या कंपनीने भागीदारी करावी, अशी त्यांची इच्छा. सर म्हणाले, "हा माणूस कोण आहे, मला एका पानात सांग." देशाचं नाव इथे लिहीत नाही. फाईल ऑफिसबाहेर न्यायची नाही म्हणून बजावलंय, आणि रोजनिशी म्हणजे ऑफिसबाहेरच की.

मं. म्हणजे मंत्री.

९ फेब्रु., मंगळ.

दिवसभर मं. वाचले. सहकारी सोसायटीत वजनकाट्यावर कारकून. मग सचिव, खासदार, मंत्री. एका सहीने कच्च्या काजूची निर्यात बंद: आपली बी आपणच फोडायची! मिरवणुका निघाल्या. मग गिऱ्हाईक नाही म्हणून बी गोदामांत कुजली आणि मिरवणूकवाल्यांनीच पुतळा जाळला. पद गेलं. निवडणुकीनंतर परत मिळालं. बंदी अजून लागू. मधल्या काळात मेव्हण्याने काजू कारखाना काढला म्हणतात.

म्हणतात!

चौथीपर्यंत मला वडिलांनी, आबांनी, घरीच शिकवलं, शाळा नदीपलीकडे होती. पेपरातल्या बातमीखाली पेन्सिलीने लिहायला लावायचे: कोणी पाहिलं? बुद्धांनी सांगितलं असलं तरी पारखून घ्यायचं, म्हणायचे. मेव्हण्याच्या बातमीखाली काही लिहिता येत नाही. पुसताही येत नाही.

प्रत्येक भाषणात एक वाक्य हटकून: "काजू फोडून फोडून माझ्या आईचे हात काळे झाले."

१२ फेब्रु., शुक्र.

सुट्टी. मावशीचा फोन, कुडाळहून. काजू कारखान्यात ती फोडायला बसते. "काम बंद आसा गो. आफ्रिकेच्यो बियो हल्ली येणत नाय म्हणता मुकादम."

विचारू नये ते विचारलं: पोत्यांवर नाव काय असायचं? तिने आठवून अक्षरं सांगितली. तोच देश.

म्हणजे मी मं.विरुद्ध जे लिहीन, त्याने करार मोडेल, तिकडचा कारखाना अडेल, बंदी ढिली पडेल, मावशीला काम मिळेल. कदाचित. इतकं सरळ नसेल, पण मला ते हवं आहे एवढं खरं. आणि चांगलं लिहिलं तर, बघा मी किती निःपक्षपाती, म्हणून लिहिलं असेल. कसंही लिहिलं तरी...

१४ फेब्रु., रवि.

सरांना सांगून टाकलं. काम दुसऱ्याला द्या म्हटलं. ते खजूर खात होते. "तुझी मावशी काजू फोडते, माझी आई झांझिबारची. सगळ्या आफ्रिकनांबद्दल माझं मत तिच्याकडून आलंय. मग मीही घरी बसू? पानाच्या वर मावशीचं लिही, खाली मंत्र्याचं."

परतताना गाडीत आमचे ड्रायव्हर गावडेकाका: "मंत्री तो मंत्रीच गो बाय. हयलो असो नायतर थयलो. तुका कित्याक तेची पंचाईत?"

१७ फेब्रु., बुध.

मं. आले. वाटले होते त्यापेक्षा बुटके, मृदू आवाजाचे. सरांशी स्वाहिलीत बोलत होते, दोघं खूप हसले. मी टिपणं काढायला बसलेली, अक्षर कळत नव्हतं. कहवावाला माझा कप भरतच होता. नको असेल तर कप हलवायचा, हे इथल्या चार वर्षांत माहीत झालंय, तरी आज हात विसरला. पाचव्या कपाला मं.नीच स्वतःचा कप हलवून दाखवला.

अस्रच्या, दुपारच्या नमाजाला सर उठले. मी आणि मं., मध्ये काजूची बशी.

"भारतात कुठल्या?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"कोकण."

"म्हणजे आमची बी तुम्हीच पळवता!" हसले.

मी विचारलं, "तुमच्या आई हाताला काय लावायच्या? फोडताना, चिकाने भाजू नये म्हणून. माझी मावशी राख लावते."

त्यांनी बशीतला एक काजू उचलला. मग म्हणाले, "माहीत नाही. माझी आई शाळेत शिकवायची. हात काळे शेजारणीचे. मी लहान असताना जेवायला तिच्याकडे असायचो."

"मग भाषणात...?"

"शेजारणीसाठी कोण मत देतं, मुली?"

सर आले. मं. लगेच जहाजभाड्याबद्दल बोलू लागले.

१८ फेब्रु., गुरु.

आबांची पेन्सिल आज माझ्याविरुद्ध. कोणी ऐकलं? मीच. म्हणजे लिहायला हवं. पण ते मला टिपणांसाठी सांगितलं होतं का? की कोकणातल्या एका मुलीला? खोटं बोलणारा माणूस, आणि खरं विचारल्यावर खरं सांगणारा, दोन्ही एकच. असा माणूस कारखान्याचं आश्वासन पाळतो का? वेड लागल्यासारखं हेच डोक्यात.

लिहिलं. "आईबद्दलचं विधान खरं नाही, हे त्यांनी स्वतः माझ्याजवळ मान्य केलं. मी विचारलं म्हणून." शेवटचं वाक्य तीनदा खोडलं, तीनदा परत घातलं. मेव्हण्याचं: "ऐकीव. पुरावा सापडला नाही." सगळ्यात वर मावशी.

सरांनी वाचलं. "तुला काय वाटतं, कारखान्यात बायकांना काम देईल?"

"माहीत नाही, सर."

"पान भरून लिहिलंस आणि हेच माहीत नाही?" रागावले नव्हते. त्यांचं तिकडचं तिकीट काढायला सांगितलं.

२८ फेब्रु., रवि.

सर तिकडे पोचले. आज फोन. पाठीमागे कोंबडे, मोटरसायकल. मं. त्यांना आपल्या गावी घेऊन गेलेत, शेजारणीला भेटवायला. मी लिहिलेलं सरांनी त्यांना सांगितलं असणार. माझे कान तापले. मं. चिडले नाहीत म्हणे, गाडीत बसा म्हणाले.

"म्हातारी समोर बसलीय. हात खरंच काळे आहेत. आणखी काय बघू?"

मी म्हटलं, हात जुने आहेत सर, ते तरुणपणीचं सांगतील. विचारा, मेव्हण्याचा कारखाना आहे का, आणि असला तर तिच्या घरातलं कोणी तिथे कामाला आहे का. आणि विचाराल तेव्हा मं. बाजूला असू देऊ नका.

"इन्शाल्ला," म्हणाले. मग स्वाहिलीत कुणाला तरी काही सांगितलं. एक बाई, म्हातारीच असावी, बोलू लागली, बराच वेळ, मध्येच हसली. मला एक शब्द कळला नाही. फोन सुरूच होता.