डोकं चालवायचं फर्मान

ती. बाबा,
पाया पडते. मी अगदी मजेत आहे, काळजी नसावी.

तुम्ही जन्मभर बजावलंत, "जास्त डोकं चालवू नकोस." इथे बाहुल्यांच्या कारखान्यात मालकांनी फर्मानच काढलंय: प्रत्येकाने डोकं चालवून काहीतरी नवं सुचवायचं.

रखवालदाराने फाटकाला तेल घालून करकर थांबवली. आता मालक आलेले कळतच नाहीत, सगळे डुलक्या घेताना सापडतात.

मी सुचवलं, मालकांनी एक दिवस आमचं काम करून बघावं. ते माझ्या खुर्चीवर बाहुल्यांचे डोळे रंगवायला बसले, ते अजून उठलेले नाहीत! सगळ्या बाहुल्या तिरळ्या निघताहेत आणि मालक खूश: "असं आजवर कुणी केलं नव्हतं!"

नोकरी आहे, बाबा, फक्त खुर्ची गेली. आईचा गुडघा कसा आहे? तिला पहिली ओळच वाचून दाखवा.

तुमची, उभ्यानेच लिहिणारी,
धाकटी