जित्यांच्या बाजूला

वेवजी,
१८ नोव्हेंबर २०१८

जयूबाय,
तुला आणि नविनभाऊजींना धाकट्या भावाचा नमस्कार. चिखल्याला बोंबील वाळत असतील. इथे भात झोडून झालं, नागली अजून खळ्यात आहे. दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला बारकीला मुलगी झाली, मी बाप झालो. दोघी ठणठणीत. पोरगी रडते कमी आणि भांडते जास्त, म्हणजे तुझ्यावर गेली आहे.

शाळेत परवा सोळाशे तीस साल घेतलं. फळ्याच्या एका बाजूला त्या वर्षी जन्मलेले, दुसरीकडे मेलेले. शिवनेरीवर शिवाजी महाराज जन्मले आणि त्याच साली तिकडे जर्मनीत, ग्रहांच्या वाटा शोधणारा केप्लर गेला. मुलं हरखली. मग म्हटलं, आता आपल्या पाड्याचं यंदाचं सांगा. हिरूने जन्मलेल्यांत त्यांचं रेडकू घातलं. मी राहू दिलं.

हा खेळ खरा बाबाचा. चैत्रात तो अंथरुणाला खिळला, तेव्हा मी त्याच्या उशाशी बसून धडे वाचायचो. सोळाशे तीसचं ऐकून म्हणाला, "नि त्या सालाला आपल्या वेवजीत कोन जल्मला, कोन मेला?" कुणी लिहून ठेवलं नाही, म्हटलं. मग त्याने विचारलं, "एकदा मेलेल्यात घातलेला मानूस परत जित्यात घालता येतो का रं?"

तो कुणाचं विचारतोय ते मला कळलं. तू दर्यावाल्याच्या घरी गेलीस, तेव्हा भर दुपारी ओहोळावर जाऊन तो तुझ्या नावाने आंघोळ करून आला होता. लोक हे नुसतं बोलतात, आपला बाबा करून आला.

मी म्हटलं, "ज्याने घातलं त्यानेच काढायचं."

"मी आता कुठला उठतो? बारकीला पोर झालं का पालन्याला जयूला बोलव. नाव आतेच्या तोंडून पडूं दे."

वैशाखात तो गेला. त्याच्या दहाव्याला तू पाड्याच्या चिंचेपर्यंत येऊन परत गेलीस, हे मला शुक्रीकाकीने सांगितलं. लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहिलं. त्या दिवशी अजून चार पावलं टाकली असतीस तर मला फार बरं वाटलं असतं. तेव्हापासून तू फोनही उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

पुढच्या रविवारी पाळणा आहे. बारकीची आई म्हणते, आते आली नाही तर मी नाव ठेवते. मी नाही म्हटलं. फळ्यावर बाबा एका बाजूला आहे आणि दुसऱ्या बाजूला हिरूच्या रेडकाखाली पोरीची जागा मोकळी आहे. मुलं रोज विचारतात, सर, नाव काय? मी सांगतो, माझी बहीण आणणार आहे.

भाऊजींना घेऊन ये. चिंचेखाली मी उभा असेन, तिथून पुढे आपण बरोबर चालू.

जित्या बहिणीचा भाऊ,
दीपेश