मास्तरांनंतर

आई, तुझ्या स्वयंपाकघरात आता एक माणूस भाकरी थापतो. नाचणीची, तुझ्या भाकरीपेक्षा जाड, कडा चिरलेली. गॅस आला तरी तुझी चूल मी मोडली नाही, आणि त्याला चुलीवरचीच भाकरी लागते, म्हणून संध्याकाळी घरात पुन्हा धूर होतो. तुला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मनातल्या मनात तुझ्याशी पुष्कळ बोललो, पण या माणसाविषयी कधी नाही. तो कोण हे सांगायचं तर आधी मास्तरांपासून सुरुवात करावी लागते, आणि मास्तरांपर्यंत आलो की मी दरवेळी तिथंच थांबतो. आज थांबायचं नाही असं ठरवून बसलोय.

मास्तर भाटघरच्या आपल्या बाजूला आले तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो, गुरांच्या दवाखान्यात नुकताच कायम झालेला. परभणीकडून हायस्कूलला गणित शिकवायला आलेला तो उंच, किडकिडीत माणूस धरणाच्या वाटेवर एका खोलीत राहायचा. स्टोव्हवर रोज खिचडी शिजवतो असं तुला कुणीतरी सांगितलं, आणि तूच त्यांना रस्त्यात गाठून म्हणालीस, "मास्तर, आमच्यात दोन घास खात जावा." ते दोन घास तेरा वर्षं चालले. ते तुला 'माय' म्हणायचे. तू भात वैरायला बसलीस की शेजारी बसून लसूण सोलायचे, आणि आपल्याकडं ज्वारी मिळत नाही म्हणून तू त्यांच्यासाठी नसरापूरच्या बाजारातून आणायचीस. मी समोर बसून जेवायचो आणि ताटातून मान वर काढायचो नाही, कारण मान वर केली असती तर तुला सगळं दिसलं असतं.

तुला दिसलंच होतं. एका बाजारच्या दिवशी मी घाईत निघालोय, तू सुपात तांदूळ निवडतेयस. मान खालीच ठेवून तू म्हणतेस, "ह्यो शर्ट मास्तरांचा हाय."

मी दारात उभा.

"घरात घाल. बाजारात नगं."

मी तरीही तसाच. तू सूप खाली ठेवतेस. "उभा का? बदल अन् जा, गाडी चुकंल."

एवढंच. शर्टाचा रंगसुद्धा मला आठवतो, फिकट बदामी, खिशाजवळ शाईचा डाग. त्या दिवसानंतर माझ्यासाठी स्थळ घेऊन आलेल्या प्रत्येकाला तू एकच उत्तर दिलंस, "त्याच्या मनात न्हाई, अन् मी जबरदस्ती करायची न्हाई." पोराचा पगार सुटत नाही म्हणून म्हातारी लग्न करून देत नाही, असं बायका पाणवठ्यावर बोलायच्या. तू ऐकून घेतलंस. तुला नेमकं किती समजलं होतं हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि ते आपल्या दोघांनाही जमलं नसतं.

मास्तर गेले ते शाळेत, दुपारच्या तासाला, फळ्यापाशी. मी भोरला एका गाभण गाईजवळ होतो. येईपर्यंत सगळं संपलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे भाऊ जीप घेऊन आले. उचलताना मी पायांकडं होतो. पाय इतके गार असतील असं वाटलं नव्हतं. भाऊ म्हणाले, गाडीत जागा नाही. खरोखरच नव्हती. मी कोण म्हणून मागणार होतो? मित्र. मित्राला जागा मिळते ती उरली तर. जीप वळणावर दिसेनाशी झाली, लोक पांगले, आणि मी सवयीनं दवाखाना उघडायला गेलो.

संध्याकाळी घरी आलो तर देवापुढं दिवा नव्हता. भाजीला फोडणी नव्हती. शेजारच्या काकूनं विचारलं तेव्हा तू शांतपणे सांगितलंस, "माज्या माहेरच्या नात्यात गेलंय. सुतक हाय." मग आत येऊन मला म्हणालीस, "मिशी काढ. कुनी इचारलं तर म्हन उकाडा लई झाला." मी आरशासमोर बसलो आणि मिशी काढता काढता पहिल्यांदा रडलो. तू बाहेर भांडी घासत होतीस, नेहमीपेक्षा जोरात, माझा आवाज शेजारी जाऊ नये म्हणून.

दहाव्या दिवशी आपण गावच्या घाटावर गेलो नाही. एसटीनं भोरला गेलो, नीरेच्या काठाला, जिथं आपल्याला कुणी ओळखत नव्हतं. डब्यात ज्वारीची भाकरी, ठेचा आणि भात. तू पान मांडलंस, मागं सरलीस आणि हात जोडून, अगदी समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तशी म्हणालीस, "मास्तर, मी हाय तवर ह्येला एकटं पडू द्यायची न्हाई. तुमी जावा आता." कावळा आला. परतीच्या गाडीत तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलीस, मी लहान असताना मी तुझ्या मांडीवर झोपायचो तशी.

नंतरच्या तीन वर्षांत तू मला दोनदा विचारलंस, "कुनी हाय का?" मी नाही म्हटलं. दुसऱ्या वेळी तू म्हणालीस, "बघ की. मास्तर काय परत यायचं न्हाईत." आणि मग तूच गेलीस. तुझ्या दहाव्याला कावळा शिवेना, आई. मामा म्हणाला, भाच्याचं लग्न लावून देऊ. काकू म्हणाली, घर-गोठा सांभाळू. ऊन चढत गेलं. तुला काय ऐकायचं होतं ते तिथं एकट्या मलाच माहीत होतं. पण भोवती तीस-पस्तीस माणसं उभी होती आणि माझं तोंड उघडलं नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवला. माझ्याकडून एक वाक्य न ऐकताच तू गेलीस, हे मी अकरा वर्षं बरोबर घेऊन फिरलो. माझ्यासारख्यांचं प्रेम हा गुन्हा नाही असं कोर्टानं सांगितलं त्या दिवशी मी लाळ्या-खुरकुताच्या लसी टोचत होतो. कुणीतरी मोबाईलवर बातमी वाचून हसलं. मी पुढचं जनावर धरा म्हटलं.

आता त्याच्याविषयी. मार्गासनीच्या वर डोंगरात एक धनगरवाडा आहे. पावसाळ्याआधी शेळ्यामेंढ्यांना लस द्यायला मी तिथं जातो. तीन वर्षांपूर्वी त्यानं त्याची शेरडं माझ्यापुढं एकेक धरली. पन्नाशीचा, रापलेला, कमी बोलणारा. बायको आजारपणात वारलेली, एकुलती मुलगी वरव्याला दिलेली. प्रत्येक शेरडाच्या कानापाशी तो काहीतरी पुटपुटायचा आणि ते शांत उभं राहायचं. काम झाल्यावर त्यानं ताक दिलं आणि विचारलं, "डाक्टर, जेवताना कुनाशी बोलता?"

मी म्हटलं, "कुणाशीच नाही."

"म्या शेरडांशी बोलतो," तो म्हणाला. "पर ती उत्तर देत न्हाईत."

त्यानंतर तो खाली बाजाराला आला की दवाखान्यात डोकवायला लागला. कधी लोणी, कधी करवंदं. मग घरी यायला लागला. ओसरीवर बसायचा, चहा घ्यायचा, शेवटची एसटी धरायचा. वर्षभर असंच. एक दिवस आश्विनात, माझ्या गाडीवरून त्याला वरच्या वाटेपर्यंत सोडायला गेलो तेव्हा उतरून तो तिथंच उभा राहिला. म्हणाला, "बायकोला म्या फसवलं न्हाई, डाक्टर. ती लई चांगली व्हती. पर तुमच्याजवळ बसल्यावर जे वाटतं ते तिच्याजवळ कधी वाटलं न्हाई. त्याचं मला तिच्यासाठीच वाईट वाटतं."

आणि मी काय म्हणालो माहीत आहे? "माझं एकदा झालंय." एखाद्या लसीविषयी बोलावं तसं. तो "बरं" म्हणाला आणि चढाला लागला.

तो परत आला नाही. शेरडं आजारी पडली तर वाडीतल्या दुसऱ्या कुणाबरोबर पाठवायचा. मला वाटलं होतं, मास्तरांशी मी प्रामाणिक राहिलो याचं समाधान वाटेल. तसं काही वाटलं नाही. बाजाराच्या दिवशी दवाखान्याच्या दाराकडं सारखं लक्ष जायचं. दोन कप मांडायचो आणि एक परत ठेवायचो. मास्तर आठवायचे तेही आता वेगळे आठवायचे, वहीवरून मान वर करून माझ्याकडं बघणारे, गणित चुकलेल्या पोराकडं बघावं तसे. त्यांना चूक दिसली की ते रागावायचे नाहीत. पुन्हा कर, म्हणायचे.

फाल्गुनात मी गाडी खाली रस्त्याला लावली आणि वर चढलो. तासाभराची चढण, माझं वय पंचावन्न, दोनदा बसावं लागलं. तो वाड्याच्या कुंपणाला काटेरी फांद्या बांधत होता. मला बघून हातातलं काम त्यानं सोडलं नाही.

"कुनाचं जनावर आजारी हाय?"

"कुणाचंच नाही."

"मग?"

"असाच आलो."

त्यानं फांदी नीट आवळली, गाठ मारली. म्हणाला, "असंच यायला पाच महिनं लागलं."

मी म्हटलं, "लागले." मग दुसरी फांदी मी धरली, आणि अंधार पडायच्या आत आम्ही दोघांनी ते कुंपण पुरं केलं. माझ्या तळहातात शिरलेला काटा त्यानं काढून दिला आणि हात सोडला नाही. तेरा वर्षांत, आई, माझा हात कुणी असा धरला नव्हता. जनावरांच्या अंगावरून फिरणारा हात, त्यालाही कुणी धरावं लागतं हे मी विसरूनच गेलो होतो.

तो आता आठवड्यातले चार दिवस इथं असतो, तीन दिवस वर. शेरडं त्याच्या पुतण्याकडं दिलीत, दोन म्हशी इथं आपल्या गोठ्यात आणल्यात. गावानं म्हातारपणाची सोबत म्हणून मान्य केलंय, किंवा तसं दाखवतंय. मला भीती होती ती त्याच्या मुलीची. दिवाळीनंतर ती आली, ओसरीवर बसली, चहाला हात लावला नाही.

"काका, सासरी लोक इचारतात, आप्पा तुमच्याकडं का ऱ्हातात. मी काय सांगू?"

तो आतून म्हणाला, "सांग, डाक्टरांना सैपाक येत न्हाई."

ती हसली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बसली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला कळतं ते मला कळतं. आप्पा आईशी कधी वाईट वागलं न्हाईत, एवढं म्या बघितलंय. आता त्यांचं गुडघं दुखतात, तेवढं तेल लावायला लावा." आणि उठताना म्हणाली, "पौषात आईचं श्राद्ध असतंय. दोघं या."

मी गेलो. वरव्याला तिच्या अंगणात पानं मांडली होती. मी सवयीनं मागं, दाराजवळ उभा राहिलो, तर तिनं हाताला धरून पंगतीत त्याच्या शेजारी बसवलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "हे पाव्हणं कुठलं?" ती भात वाढत म्हणाली, "पाव्हणं न्हाईत. आमचं काका हायेत." जेवण झाल्यावर मी हात धुवायला मागं गेलो आणि बराच वेळ हातच धूत राहिलो. मला तू हवी होतीस तेव्हा. त्या पोरीच्या हातचा भात तू खायला हवा होतास, आणि तिच्याकडं एकदा तुझ्या त्या बघण्यानं बघायला हवं होतंस. तिला ते लगेच समजलं असतं.

तो तुला आवडला असता. तू त्याच्या भाकरीला नावं ठेवली असतीस आणि खाल्ली असतीस. कधी कधी स्वयंपाकघरात वाकून बसलेली त्याची पाठ दिसते आणि माझ्या तोंडून 'मास्तर' निघून जातं. तो मागं न वळता 'ओ' देतो. त्यावर आम्ही कधी बोललेलो नाही.

तुला वाचता येत नव्हतं. तुझी सगळी पत्रं मास्तरच वाचून दाखवायचे, तेव्हा हे कुणाकडं पाठवावं हा प्रश्नच नाही. घडी घालून ट्रंकेत ठेवीन. एक सांगायचं राहिलं. आज मास्तरांना जाऊन चौदा वर्षं झाली. हे मी त्याला सांगितलेलं नाही. सकाळपासून तो दोनदा विचारून गेला, "आज गप का?" मी सांगितलं, दाढ दुखतेय. त्यानं डबे शोधून लवंग आणून दिली आणि म्हणाला, धरून ठेवा, चावू नका. माझी दाढ चांगली आहे, आई. लवंग तोंडात धरून हे लिहितोय.